मोठी चाकं बसवल्यावर पुन्हा पुन्हा येणारी थरथर, आणि ऑइल बदलीचा चुकलेला हिशेब

तक्रार अशी होती. ताशी ८० पर्यंत गाडी अगदी गुळगुळीत. ८५ ला स्टिअरिंगमध्ये बारीक कंप सुरू, ९० ला हाताला मुंग्या येतील इतकी थरथर, आणि १०० च्या पुढे गेलं की पुन्हा सगळं शांत. बॅलन्सिंग केलं की कधी दोन आठवडे बरे जायचे, कधी दीड महिना. मग एखाद्या सकाळी नारायणगाव बायपासला तीच थरथर परत. आठ महिन्यांत पाच वेळा बॅलन्सिंग झालं, दोनदा अलाइनमेंट झाली, दोन्ही टाय रॉड एंड बदलले. दर वेळी मशीनच्या पडद्यावर चारही चाकांना शून्य दिसायचं आणि दर वेळी दुकानदार म्हणायचा, "दादा, चाकात काहीच नाही, सस्पेन्शन बघा."

याच काळात आणखी दोन गोष्टी घडत होत्या. अ‍ॅव्हरेज १२.६ वरून ११ वर आला होता, आणि ऑइलच्या काडीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढत होतं. तिन्ही तक्रारी नवी चाकं बसवल्यानंतरच्या, म्हणून मी सगळा दोष चाकांना दिला. तो अंदाज अर्धाच बरोबर निघाला. असा त्रास असलेले बरेच जण माझ्यासारखेच गोल फिरत असतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी डबल कॅब डिझेल पिकअप, फोर बाय फोर, बीएस ६. जुन्नर तालुक्यात घर, घरापासून मळा चार किलोमीटर, बाजार नऊ किलोमीटर. खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, रोपांचे ट्रे, फवारणीची टाकी अशी घरची ने-आण. कंपनीची चाकं ७ इंच रुंद आणि टायर २४५/७० आर १६. त्याजागी मी बाहेरून ८ इंच रुंद अलॉय आणि २६५/७५ आर १६ चे टायर घेतले. पावसाळ्यात मळ्याच्या रस्त्याला गाडी पोटाला टेकत होती, त्यामुळे उंच टायर हवे होते. ती गरज खरी होती आणि आजही आहे.

वहीनं दाखवलेली गोष्ट

डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवायची माझी सवय आहे. डिझेल, पंक्चर, सर्व्हिस, सगळं तारखेसकट. पाचव्या बॅलन्सिंगनंतर ती वही घेऊन बसलो आणि थरथर परत आल्याच्या तारखा शोधल्या. एकदा ओतूरला पंक्चर काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. एकदा पुढची चाकं मागे, मागची पुढे केली त्या संध्याकाळी. एकदा ब्रेक पॅड बदलले त्या आठवड्यात. म्हणजे चाक बॅलन्सिंगमधून हळूहळू बाहेर जात नव्हतं. चाक ज्या दिवशी उतरवून परत चढवलं, त्या दिवशी थरथर येत होती किंवा जात होती. बॅलन्सिंगमुळे बरं वाटायचं तेसुद्धा शिशाच्या वजनामुळे नसावं. चाक पुन्हा चढवताना योगायोगानं नीट बसलं म्हणून असावं.

इथून पुढे तपास सोपा झाला. आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी चाक काढलं, व्हर्निअर आणला आणि रिमच्या मधलं भोक आणि गाडीच्या हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागाचं, तोंड दोन्ही मोजलं. भोक हबपेक्षा ४ मिलिमीटरनं मोठं. म्हणजे चाक हबवर टेकतच नव्हतं, सहा नटांच्या भरवशावर लटकून होतं. कंपनीची रिम मात्र हबवर अशी घट्ट बसते की नट काढल्यावरही दोन हातांनी हलवून ओढावी लागते.

मशीन शून्य दाखवतं, तरी गाडी का थरथरते

हा भाग नीट समजून घ्या, कारण बॅलन्सिंगच्या दुकानात हे कोणी सांगत नाही.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक बसवताना मधल्या भोकात एक शंकू घालतात. शंकू भोकाच्या बरोबर मध्ये जातो, म्हणजे मशीनवर चाक स्वतःच्या खऱ्या मध्याभोवती फिरतं आणि तिथलं शून्य हे खरं शून्य असतं. गाडीवर मात्र शंकू नाही. तिथे चाक मध्ये आणायचं काम हबच्या गोल ओठानं करायचं असतं. भोक सैल असेल तर ते काम नटांवर येतं. नट शंकूच्या आकाराचे असतील तर ते चाक बऱ्यापैकी मध्ये खेचतात, पण अट अशी की चाक हवेत लटकलेलं असताना, समोरासमोरच्या क्रमानं, हातानं थोडे थोडे करत आवळले पाहिजेत. हवेची गन लावून पहिलाच नट एका दमात आवळला की चाक त्या नटाच्या बाजूला सरकून तिथेच जखडतं. बाकीचे पाच नट मग त्याच जागी त्याला पक्कं करतात.

किती सरकलं तर किती त्रास? माझं एक चाक टायरसकट साधारण ३५ किलोचं आहे. ते मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं असं धरा. ३५,००० ग्रॅम गुणिले अर्धा मिलिमीटर म्हणजे १७,५०० ग्रॅम-मिलिमीटरचा असमतोल. १६ इंची रिमची त्रिज्या साधारण २०३ मिलिमीटर. भागाकार केला की सुमारे ८६ ग्रॅम येतात. बॅलन्सिंगवाला ५-१० ग्रॅमसाठी चाक पुन्हा फिरवतो, आणि इकडे अर्ध्या मिलिमीटरनं रिमच्या कडेला ८६ ग्रॅमचं शिसं टांगल्यासारखं होतं. पूर्ण एक मिलिमीटर सरकलं तर पावणेदोनशेच्या आसपास. शिवाय टायर स्वतःच लंबवर्तुळ फिरल्यासारखा वरखाली होतो, तो त्रास वेगळा.

ठराविक वेगालाच का, याचंही उत्तर आकड्यात आहे. २६५/७५ आर १६ टायरचा व्यास ८०४ मिलिमीटर, परीघ अडीच मीटरच्या जरा वर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला जवळपास दहा वेळा फिरतं आणि सेकंदाला दहा धक्के देतं. चाक, सस्पेन्शनचे रबरी बुश आणि स्टिअरिंग यांची स्वतःची लय साधारण त्याच पट्ट्यात असते. लयीत लय मिळाली की कंप फुगतो, वेग पुढे गेला की तुटतो. म्हणूनच १०० च्या पुढे शांतता. दोष गेलेला नसतो, बेअरिंगवर तो तसाच आदळत असतो.

तुमच्या गाडीत हेच आहे का, ते ओळखा

थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुतेक पुढची चाकं. सीटमध्ये आणि पायाखाली असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेक डिस्क तपासा, चाकाला हात लावू नका. ३०-४० च्या वेगालाच गाडी डुलत असेल तर टायरच्या आतला पट्टा सुटलेला किंवा रिम वाकडी असण्याची शक्यता जास्त, आणि अशा टायरवर एक दिवसही महामार्गावर जाऊ नका.

घरच्या घरी करता येण्यासारखी तपासणी अशी. सपाट जागा, हँडब्रेक, उरलेल्या चाकांना दगड. पुढचं चाक जॅकवर उचला. जमिनीवर वीट ठेवून तिच्यावर खडू असा धरा की रिमच्या कडेपासून केसभर लांब राहील, आणि चाक हातानं हळू फिरवा. फट एका ठिकाणी मोठी, समोरच्या ठिकाणी बारीक होत असेल तर नट ढिले करा, चाक थोडं फिरवून वेगळ्या स्टडवर (नट ज्यावर चढतो तो बोल्ट) बसवा, हातानं आवळा, पुन्हा बघा. मोठी फट रिमच्या त्याच जागी राहिली तर रिम वाकडी. जागा बदलली तर चाक मध्ये बसत नाही. माझ्याकडे जागा बदलली.

रिंग, नट आणि पाना

उपाय म्हणजे हब रिंग, काही दुकानांत स्पिगॉट रिंग म्हणतात. बाहेरचा व्यास रिमच्या भोकाएवढा, आतला हबएवढा. माझ्या गाडीचे आकडे मुद्दाम देत नाही, कारण ते वाचून कोणी तीच रिंग मागवेल. एक उदाहरण पुरेसं आहे. टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स, दोन्हींना सहा नट आणि दोन्हींचा पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, १३९.७ मिलिमीटर. दुकानदार "सहा नटाचं आहे, बसतंय" म्हणतो ते याच्याच जोरावर. पण हायलक्सच्या हबचा व्यास १०६.१ आणि डी-मॅक्सचा १००.१. एकीची रिम दुसरीवर रिंगशिवाय सैल बसते आणि उलट दिशेनं तर चढतच नाही. बाहेरचे अलॉय सगळ्या गाड्यांना चालावेत म्हणून भोक सगळ्यांत मोठ्या हबच्याही वरचं ठेवतात. त्यामुळे रिम बॉक्समधून निघाल्यावर पहिला प्रश्न रंगाचा नको, भोकाचा हवा.

प्लॅस्टिकच्या रिंगाही मिळतात. मी अ‍ॅल्युमिनिअमच्या घेतल्या. माळशेज किंवा बोरघाट उतरताना भरलेल्या गाडीचे ब्रेक किती तापतात हे ज्यानं चाकाला हात लावून पाहिलंय त्याला कारण सांगायला नको. रिंगेला बाहेरून किंचित ग्रीस लावा, नाहीतर पावसाळ्यानंतर ती रिमला चिकटते आणि पंक्चरवाला टॉमीनं ठोकून काढतो. ठोकलेली रिंग वाकडी झाली की तिचा उपयोग संपला. स्टडला आणि नटाच्या बसायच्या जागेला मात्र ग्रीस लावू नका. त्यानं टॉर्क, म्हणजे आवळण्याचा मोजलेला जोर, चुकतो आणि नट गरजेपेक्षा जास्त ओढला जातो.

नटांबद्दल दोन गोष्टी. पहिली, नटाचं बूड आणि रिमची खाच एका जातीची हवी. टोयोटाच्या मूळ अलॉयला सपाट वॉशरचे नट असतात आणि लोखंडी डिस्कला शंकूचे. बाहेरच्या अलॉयला बहुतेक शंकूचे लागतात. सपाट वॉशरचा नट शंकूच्या खाचेत आवळला तर तो नुसत्या कडेवर टेकतो आणि शे-दोनशे किलोमीटरमध्ये ढिला पडतो. दुसरी गोष्ट, नट स्टडवर किती आटे चढतो ते मोजा. १२ मिलिमीटरच्या स्टडला आटे १.५ मिलिमीटरचे असतील तर निदान आठ पूर्ण फेरे चढले पाहिजेत. जाड अलॉयमध्ये हे फेरे कमी पडतात, आणि हे कोणी मोजत नाही.

हबचं तोंड आणि रिमची मागची बाजू वायर ब्रशनं साफ करा. नव्या रिमच्या मागे रंगाचा जाड थर असेल तर तो दाबला जाऊन पातळ होतो आणि नट आपोआप सैल होतात. म्हणून पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचेच. माझ्या पुस्तिकेत टॉर्क १२० न्यूटन-मीटर दिलाय. तुमच्या पुस्तिकेत असेल तो घ्या. टॉर्क पाना मी विकत घेतला आणि तो गाडीतच असतो. पाच वेळच्या बॅलन्सिंगला जेवढे पैसे गेले त्यात तो आला असता.

रिंगा घातल्या, चाकं हवेत धरून नट समोरासमोर आवळले, टॉर्क दिला. शिशाचं एकही वजन हलवलं नाही. ९० ला स्टिअरिंग स्थिर.

ऑफसेट: हे रिंगेनं सुटत नाही

थरथर गेली तरी माझ्या रिममध्ये एक दोष राहिलाच आणि तो निवडतानाचा आहे. ऑफसेट म्हणजे रिम हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा. मूळ रिमचा ऑफसेट ३३ होता, नव्या रिमचा शून्य. म्हणजे चाकाची मध्यरेषा ३३ मिलिमीटर बाहेर आली. रिम एक इंच रुंद, त्यातला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणखी बाहेर. रिमची बाहेरची कड मूळ जागेपेक्षा साडेचार सेंटिमीटरहून अधिक बाहेर. दिसायला गाडी रुंद आणि रुबाबदार दिसते, पण बेअरिंगवरचा भार मध्यावरून बाहेर सरकतो, खड्ड्यात एक चाक गेलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, आणि सगळा चिखल दारांवर उडतो. उंच टायर हवा म्हणून ऑफसेट इतका खाली आणायची गरज नसते. आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी २० ते ३० च्या आतबाहेरचाच ऑफसेट घेईन आणि ७ किंवा साडेसात इंच रुंदीवर थांबेन.

रिमच्या मागे भारक्षमतेचा आकडा कोरलेला असतो, तो वाचा. तुमच्या मागच्या धुरीवर १,८०० किलो भार येत असेल तर प्रत्येक रिम किमान ९०० किलोची हवी. कारसाठीच्या ६५०-७०० किलोच्या रिमाही त्याच पीसीडीत मिळतात आणि त्या पिकअपच्या कामाच्या नाहीत. जपानी खुणांमध्ये जेडब्ल्यूएल ही कारची आणि जेडब्ल्यूएल-टी ही ट्रक-बसची. टायरचा भारांकही मूळपेक्षा खाली येऊ देऊ नका. १०९ म्हणजे १,०३० किलो, ११३ म्हणजे १,१५०.

कायद्याचंही एक वाक्य. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ लावताना उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत हे स्पष्ट केलं. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर अपघातानंतर विम्याचा सर्वेअर ते लिहून घेणारच. खरेदीआधी कंपनीनं मान्य केलेले आकार कोणते, हे शोरूममध्ये लेखी विचारा.

स्टेपनीचंही आधीच ठरवा. मी सुरुवातीला जुनंच चाक स्टेपनीला ठेवलं होतं. त्याचा व्यास नव्यापेक्षा साडेपाच सेंटिमीटरनं कमी. मागे ते लावून लांब गेलात तर डिफरन्शियल सतत फिरत राहून तापतं, आणि फोर बाय फोर टाकलीत तर ट्रान्सफर केसलाच, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीलाच, मार बसतो. टू व्हीलमध्येच, हळू, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, एवढाच त्याचा उपयोग. आणि जुन्या चाकाचे नट वेगळे असतील तर ते सहा नट पिशवीत घालून स्टेपनीजवळच ठेवा.

आता ऑइल

चाकाचा आणि ऑइलचा थेट संबंध एकच, तो म्हणजे ओडोमीटर. २४५/७० आर १६ चा व्यास ७४९ मिलिमीटर, २६५/७५ चा ८०४. फरक ७.३ टक्के. गाडीला हे माहीत नाही. ती चाकाचे फेरे मोजते. फोनच्या नकाशावर १०० किलोमीटर झाले तेव्हा माझ्या ओडोमीटरवर ९३ होते. म्हणजे घड्याळात १०,००० दिसतात तेव्हा गाडी १०,७०० च्या वर चाललेली असते. काट्यावर ८० असताना चाकांच्या हिशेबानं तुम्ही ८५ च्या पुढे असता, हेही लक्षात असू द्या. अ‍ॅव्हरेज पडल्याच्या दुःखातला निम्मा भागही इथेच सुटला: घड्याळातले ११ म्हणजे खरे ११.८. जड टायरनं खरंच खाल्लं ते ०.८.

सात टक्क्यांनी इंजिन खराब होत नाही. माझं ऑइल बिघडत होतं त्याचं कारण वेगळं होतं आणि जुन्या टायरवरही ते झालंच असतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली, डीपीएफ. ती भरली की गाडी स्वतःच ती जाळून मोकळी करते. त्यासाठी धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो, आणि बहुतेक इंजिनांत त्याकरता सिलिंडरमध्ये उशिरा, जादा डिझेल फवारलं जातं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातं. महामार्गावर वीसएक मिनिटं सलग चाललात तर काजळी जळून काम पूर्ण होतं आणि गरम ऑइलमधून काही डिझेल उडूनही जातं. पण माझा दिवस कसा? घर ते मळा चार किलोमीटर. इंजिन तापायच्या आत बंद. जळण सुरू झालं की मी किल्ली काढणार, पुढच्या वेळी ते पहिल्यापासून सुरू, पुन्हा जादा डिझेल, पुन्हा किल्ली बंद. वर रोज पाऊण तास गाडी उभी असताना इंजिन चालू, मजुरांची वाट बघत किंवा फोनवर. महिन्याला असे वीस तास, ज्यांची ओडोमीटरवर एक किलोमीटरचीही नोंद नाही.

परिणाम असा की ४,२०० किलोमीटरलाच काडीवर ऑइल वरच्या खुणेच्या ८ मिलिमीटर वर. वास घेतला तर डिझेलचा. टिश्यू कागदावर थेंब टाकला तर मधल्या काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं लांबवर पसरलं. ही कागदाची चाचणी ढोबळ आहे, पण वास आणि वाढलेली पातळी जोडीला असेल तर वेगळ्या पुराव्याची वाट बघू नका.

ऑइल वाढलं तर बरंच, असं मला दोघांनी सांगितलं. हे अत्यंत चुकीचं आहे. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, बेअरिंगवरचा थर टिकत नाही. पातळी फार वर गेली तर क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. टोकाला इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून ओढू लागतं आणि किल्ली काढूनही थांबत नाही. वरचं अर्धा लिटर ओतून पातळी बरोबर करणं हाही उपाय नाही. उरतं ते तितकंच पातळ असतं. पूर्ण बदलायचं, फिल्टरसकट.

माझ्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलंय. पण त्याच पुस्तिकेत मागच्या पानांवर खडतर वापराचा वेगळा तक्ता आहे: धूळ, छोट्या फेऱ्या, बराच वेळ उभं इंजिन, जड भार. शेतकऱ्याची पिकअप या चारही रकान्यांत बसते. मी आता खरे ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते धरतो. खरे ५,००० म्हणजे माझ्या घड्याळात ४,६६०. चाकं बदलल्या दिवसाचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर आहे. आणि काडी त्याच्याही आधी बोलली तर काडीचं ऐकतो.

काडी दर पंधरा दिवसांनी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. ऑइलच्या रंगावर जाऊ नका. डिझेलचं ऑइल पहिल्या काही दिवसांतच काळं होतं. पातळी, वास आणि बोटांमधला चिकटपणा बघा.

ऑइल कोणतं, यात काटकसर करू नये. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. काजळी जळते, पण ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची राख जळत नाही. ती जाळीत कायमची साठते. एसीईए सी ३ प्रतीच्या ऑइलमध्ये ही राख ०.८ टक्क्यांच्या आत असते, एपीआय सीके-४ मध्ये १ टक्क्याच्या आत. ट्रॅक्टरसाठी घरात आणलेलं जुन्या सीआय-४ प्रतीचं पंधरा डब्ल्यू चाळीस ऑइल पिकअपमध्ये ओतू नका, डबा उघडा आहे म्हणूनसुद्धा नाही. पुस्तिकेत जी प्रत आणि जो दाटपणा दिलाय तोच.

बदलताना चेंबर नटचा वॉशर दर वेळी नवा, आणि जुन्या फिल्टरचं रबर वर चिकटून राहिलं नाही ना ते हात फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक आली की ऑइल गळून जातं आणि ते कळतं तेव्हा दिवा लागलेला असतो. बदलीनंतर सर्व्हिसची आठवण आणि, असेल तर, ऑइलचा काउंटर स्कॅनरनं शून्य करून घ्या. जळकं ऑइल आमच्याकडे वाळवीसाठी मांडवाच्या खांबांना फासतात. कृपा करून थांबवा. त्यातले धातू मातीत आणि विहिरीत उतरतात. डब्यात भरून गॅरेजला परत द्या. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडेच जायला हवं.

दर दहा दिवसांनी एकदा मी मुद्दाम आळेफाट्याच्या पुढे जाऊन येतो, अर्धा तास सलग, मध्यम वेगानं. जाळी जळत असताना उभ्या इंजिनाचे फेरे थोडे वाढतात, पंखा जोरात चालतो, गरम वास येतो. तेव्हा किल्ली काढायची नाही. आणि तेव्हा वाळल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर गाडी उभी करायची नाही. खालचं धुराडं आग लावू शकेल इतकं तापलेलं असतं.

रिंगा बसवून आता अकरा हजार किलोमीटर झाले. मागच्या महिन्यात ओतूरला पुन्हा पंक्चर निघालं. पोरगा गन घेऊन आला, त्याला म्हटलं, नट तू काढ, बसवतो मी. रिंग जागेवर आहे हे बोटानं चाचपून पाहिलं, सहा नट हातानं आवळले, पाना टिकटिक वाजेपर्यंत ओढला. तिथूनच माळशेज उतरून कल्याणला गेलो आणि ९० ला स्टिअरिंग हललं नाही. गेल्या तीन बदल्यांत काडीवरचं ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलेलं नाही. मागच्या उजव्या चाकाचा मात्र ६० च्या पुढे बारीक घोंघाट सुरू झालाय आणि डावीकडे वळताना तो वाढतो. ते बेअरिंग आहे, ऑफसेटचा भार त्यानं घेतला. या महिन्यात ते बदलतोय, आणि त्याबरोबर रिमही.